खळ्याची कड

बारदानात चौदा वस्तू होत्या. लोखंडी रिंग एक, तिचे बोल्ट आठ, रबरी बॉल एक, हवा भरायचा पंप एक, जाळी एक, शिट्टी एक आणि पुस्तक एक. पंपाला सुई नव्हती. पुस्तक इंग्रजी होतं, १९७४ साली छापलेलं, चौसष्ट पानांचं. त्यातली नऊ ते सोळा ही पानं वाळवीनं पार खाऊन टाकली होती. आठव्या पानानंतर थेट सतरावं लागत होतं, आणि ते एका वाक्याच्या मध्यातूनच सुरू होत होतं.

सत्यशीलानं यादी केली, हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि मग पट्टी काढली. रिंगचा आतला व्यास पंचेचाळीस सेंटिमीटर. बॉलचा घेर सुतळीनं मोजला तर शहात्तर, म्हणजे व्यास चोवीसच्या थोडा वर.

"सर, या रिंगमधून जवळजवळ दोन बॉल एका वेळी जाऊ शकतात," ती म्हणाली. "म्हणजे दिसतं तितकं अवघड नाही."

"तुम्ही खेळल्या आहात काय हे बास्केटबॉल कधी?"

"नाही."

"मग तुम्हीच घ्या. मुलींची टीम पाठवा असं जिल्ह्याचं पत्र आहे. मुलांचं व्हॉलीबॉल मी पाहतो."

सत्यशीला खोब्रागडे तेव्हा तेवीस वर्षांची होती. चांद्याच्या कॉलेजातून बी. एस्सी. होऊन ती पिपरटोल्याच्या शाळेत जूनमध्ये गणित-विज्ञानाला लागली होती. पिपरटोला मूल गावापासून अकरा किलोमीटरवर. चहूकडे धानाचे बांध आणि त्यांच्या पलीकडे जंगल. शाळेपाशी सपाट जागा एकच, आणि तिच्यावर व्हॉलीबॉलची जाळी. उरलेलं पटांगण उताराचं आणि मोहाच्या मुळ्यांनी उचकटलेलं. तिथं बॉल आपटला की तो सरळ वर न येता मनाला येईल तिकडे पळायचा. तिनं वीसदा आपटून पाहिला. हाताशी परत आला फक्त सहा वेळा.

सपाट, टणक, धूळ न उडणारी जागा गावात कोणती, असा विचार करत ती दोन संध्याकाळ फिरली, आणि तिसऱ्या दिवशी गुणवंतरावांच्या खळ्यापाशी थांबली. गुणवंतराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचं खळं गावात सगळ्यात मोठं. दसरा जवळ आला म्हणून त्यांनी गवत खरडून, पाणी मारून, धुमसानं ठोकून ते आताच तयार करायला घेतलं होतं. वरून शेणाचा सारवा. सत्यशीलानं खिशातला खडू उभा सोडला. तो तुटला नाही, उडाला.

"इथं खेळू द्याल?"

"खळ्यात?" गुणवंतराव हसले. "अवो मॅडम, खळं बैलांसाठी असते."

"बैल डिसेंबरात येतील. मॅचेस नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहेत."

गुणवंतरावांना हिशेबाची माणसं आवडत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. पन दुसरा खड्डा खणू देनार नाई. मेढ बदलायचीच हाय मले यंदा. तिलेच काय लावायचं ते लावा."

मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. चुरण्याच्या वेळी बैलांची पात त्याला बांधून गोल फिरवतात. लच्छू सुतारानं येनाच्या झाडाचा बुंधा आणला, जमिनीवर साडेतीन मीटर राहील असा रोवला, आणि तीन मीटर पाच सेंटिमीटरवर रिंग ठोकली. उंची मोजायला सत्यशीला स्वतः शिडीवर चढली. लच्छू खालून शिडी धरून म्हणत होता, "मॅडम, पाच सेंटिमीटरनं काय फरक पडते? देव मोजाले येनार हाय काय?"

"देव नाही, पंच येतील."

रिंगच्या मागं फळी असते असं पुस्तकात लिहिलं होतं, पण फळी बारदानात नव्हती. रिंग दोन असतात, मैदानाच्या दोन टोकांना, असंही लिहिलं होतं. पण मैदानाचा नकाशा नवव्या पानापासून सोळाव्या पानापर्यंत कुठंतरी होता आणि तो वाळवीच्या पोटात गेला होता. म्हणून पिपरटोल्याचं मैदान गोल झालं आणि रिंग मध्यभागी आली. सत्यशीलानं वहीत नोंद केली: खळ्याचा व्यास बारा मीटर ऐंशी. मेढीपासून कडेपर्यंत सहा मीटर चाळीस.

पहिल्याच दिवशी गुणवंतरावांच्या आई आशाबाई काठी टेकत आल्या आणि कडेवर उभ्या राहिल्या.

"चपला काढा सगळ्याईनं. लक्ष्मी येते इथी."

टीमच्या आठही मुलींनी चपला काढल्या. सत्यशीलानंही काढल्या.

"आन दुसरं. जे पोरगी बाहेरची असन, तिनं कडेच्या आत पाय ठेवायचा नाई."

मुली खाली पाहू लागल्या. सत्यशीलाच्या घरी हे पाळत नसत. तिच्या आजीनं छप्पन साली देव्हाऱ्याबरोबर तेही सोडलं होतं. ती म्हणाली, "आजी, आमच्या घरी असं काही मानत नाहीत. त्या दिवसांत शरीरात काय होतं ते मी मुलींना शिकवते. त्यात विटाळ कुठे नसतो."

"तुह्या घरी नसन बाई. माह्या खळ्यात हाय." आशाबाई शांतपणे म्हणाल्या. "नाई पटत तर तुमची ते मोहाची मुळं हायेच."

सत्यशीलानं वाद सोडला. तिला ते सोडणं आवडलं नाही. पण ती नियमाकडे पाहू लागली, जसा कुठलाही नियम पाहावा तसा: तो नेमकं काय मना करतो आणि काय करत नाही.

"पाय ठेवायचा नाही. बॉल टाकला तर?"

"अं?"

"मुलगी कडेबाहेर उभी. तिच्या हातातला बॉल आत गेला. चालेल?"

आशाबाईंनी काठीचं टोक कडेच्या आत टेकवलं, मग बाहेर टेकवलं. मग त्या म्हणाल्या, "बॉलले काय विटाळ!" आणि निघून गेल्या.

*

खेळ शिकवणं म्हणजे सत्यशीलाला स्वतः शिकणं होतं. पुस्तकातला एक नियम रात्री वाचायचा, सकाळी तो खळ्यात घालून पाहायचा. बॉल घेऊन पळता येत नाही, आपटत न्यावा लागतो. एकदा दोन्ही हातांत धरला की पुन्हा आपटता येत नाही. मग एक पाय जागचा हलवायचा नाही, दुसरा हवा तिकडे फिरवता येतो. हे शेवटचं मुलींना तीन दिवस समजेना. जी ती दोन्ही पाय उचलायची आणि सत्यशीला शिट्टी वाजवायची.

"मॅडम, शिट्टीच लय वाजते तुमची," मनकर्णा म्हणाली. ती सगळ्यात वेगानं पळायची आणि सगळ्यात जास्त बोलायची. "बॉल कमी आन शिट्टी जास्त."

रुखमा नववीत होती. बारीक, कमी बोलणारी. ती म्हणाली, "धानाच्या रोवण्यात नाई का वं, एक पाय चिखलात रुतते, आन पऱ्हाची पेंडी घ्याले मागं वळा लागते? तेव्हा रुतलेला पाय काढते काय कोनी? दुसराच फिरवते."

त्या दिवसापासून शिट्टी कमी वाजली. सत्यशीलानं वहीत लिहिलं: न हलणारा पाय म्हणजे रुतलेला पाय. आणि खाली: इंग्रजी शब्दापेक्षा हा चांगला.

जागांचा प्रश्न मात्र अवघड होता. पाच खेळाडू, त्यात दोन गार्ड, दोन फॉरवर्ड, एक सेंटर, एवढं पुस्तकात उरलं होतं. कोणी कुठं उभं राहायचं आणि काय करायचं ते वाळवीनं नेलं होतं. पाचही जणी बॉलच्या मागं धावायच्या आणि मेढीपाशी एकच गर्दी व्हायची. एकदा त्या गर्दीतून बॉल कडेला आला तेव्हा तो उचलायला तिथं कोणीच नव्हतं. तो घरंगळत गुणवंतरावांच्या वांग्यांच्या वाफ्यात गेला.

"हे तर बिनदाव्याचे बैल झाले," कडेवर बसलेला लच्छू म्हणाला.

सत्यशीला वळली. "म्हणजे?"

लच्छूनं विडी विझवली आणि काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. चुरण्याला पाच बैलांची पात असते. मेढीला लागून असतो तो मेढ्या. तो म्हातारा, जड, शांत बैल. त्याला फार चालावं लागत नाही, पण सगळी पात त्याच्यावर फिरते. तो ढिला पडला की दोर गुंततो. मधले दोघं ताकदीचे. आणि कडेचे दोघं तरुण, चपळ लागतात, कारण त्यांनाच सगळ्यात जास्त चालायचं असतं, आणि पात वळवायचीही त्यांनीच.

"किती जास्त?" सत्यशीलानं विचारलं.

"आता ते कोनं मोजलं?"

तिनं मोजलं. मेढ्या मेढीपासून एक मीटरवर धरला तर एका फेऱ्यात सव्वासहा मीटर. कडेचा पाच मीटरवर धरला तर साडेएकतीस. पाचपट. ती वहीवरून मान वर न काढता म्हणाली, "बुधरी, तू मेढ्या."

बुधरी शाळेत सगळ्यात उंच. तिचे वडील भामरागडकडून वनखात्याच्या कामावर इकडे आले होते. ती हसून मेढीपाशी जाऊन उभी राहिली. मनकर्णा आणि आणखी एक मुलगी मधल्या, रुखमा आणि दुसरी एक कडेच्या. गर्दी एका दिवसात सुटली. मग सतराव्या पानाच्या सुरुवातीला लटकत असलेल्या अर्ध्या वाक्याचा अर्थही सत्यशीलाला लागला. रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असं ते होतं. का ते तिला कळत नव्हतं. लच्छूला लगेच कळलं.

"बराबर हाय. मेढ्या थांबला का धान खाते. म्हनूनच तर मुसकं बांधतेत त्याले."

बुधरी रिंगखाली जरा रेंगाळली की सगळ्या ओरडायच्या, "मुसकं! मुसकं!" आणि ती हसत बाहेर यायची.

महिन्यातले ते चार-पाच दिवस आळीपाळीनं प्रत्येकीवर यायचे. त्या दिवसांत ती मुलगी कडेबाहेर उभी राहायची. आतून टाकलेला बॉल झेलायची, तिथूनच परत टाकायची, आणि कोणी मोकळं नसलं तर तिथूनच रिंगमध्ये टाकायची. सत्यशीलाच्या वहीत प्रत्येक फेक दोन रकान्यांत जाई, आत आणि बाहेर. बाहेर का, हे ती लिहीत नसे.

रुखमाला मात्र ती जागा आवडून गेली. दिवस संपले तरी ती कडेबाहेरच राहायला पाही.

"आत काऊन नाई येत वं?" मनकर्णानं विचारलं. "तुले बाराही महिने कावळा शिवते काय?"

"इथून सगळं खळं दिसते," रुखमा म्हणाली. "कोन मोकळं हाय, कोन नाई. आन कोनी अंगावर येत नाई."

ती उडी मारत नसे. दोन्ही पाय जागच्या जागी, टाचा किंचित उचलायच्या आणि बॉल उंच सोडायचा. नंतर ती तिथंच उभी. हात वर, पाय जणू रोवलेले. बॉल खाली पडला, बाकीच्या सात जणींच्या पायांत गेला, तरी रुखमा उभीच.

"टाकल्यावर बॉलच्या मागं जायचं, रुखमा! पुस्तकात लिहिलंय." सत्यशीला रोज सांगायची.

"हो मॅडम," रुखमा म्हणायची, आणि पुढच्या वेळी तिथंच उभी राहायची. पायाला कडेची सवय झाली होती. कड म्हणजे थांबायचं.

पाच आठवड्यांनंतर सत्यशीलानं बेरीज केली. आतून चारशे बारा फेकी, एकशे एक्कावन्न पडल्या. बाहेरून पाचशे वीस, एकशे सहासष्ट पडल्या. एका बास्केटचे गुण दोन. म्हणजे आतून फेकीमागं सरासरी शून्य पूर्णांक त्र्याहत्तर गुण, बाहेरून चौसष्ट. निष्कर्ष उघड होता. आत जाऊन टाकावं. तिनं तसं मुलींना सांगितलं. मुलींनी मान डोलावली.

धान कापणीला आला तसे गुणवंतराव एका संध्याकाळी कडेवर येऊन बसले.

"मॅडम, आता माह्या खळ्याचं काय करता?"

"मॅच झाली की तुमचं."

"पोरी म्हनतेत, खेळ बंद करू नका." त्यांनी मेढीकडे पाहिलं. "मी खोटं नाई बोलत, मले बी पाहाले मजा येऊन राह्यली. पन समितीत लोक हसतेत. म्हनतेत, गुणवंता, खळं पोरीले देल्लं आन धान काय डोक्यावर चुरशीन? तं असं करू. एक मॅच जिंकून या. एकच. हे खळं शाळेले देऊन टाकतो, मले दुसरं कराले जागा हाय. आन हारल्या, तं मंगळवारी लच्छू रिंग उतरवन. मंजूर?"

बॉल हातात धरून रुखमा कडेबाहेर उभी होती. ती सत्यशीलाकडे पाहत होती. सत्यशीला म्हणाली, "मंजूर."

*

मूलहून छोट्या लाइनच्या गाडीनं चांदा फोर्ट, तिथून एसटीनं माजरी. सामने कोळसा खाणीच्या कॉलनीत होते. पहिली मॅच कॉलनीच्याच मुलींशी, आणि हरलं की घरी, असा सामन्यांचा नियम.

मैदान सिमेंटचं होतं. त्यावर कोळशाची बारीक काळी पूड, आणि त्या पुडीवर चुन्याच्या ताज्या पांढऱ्या रेषा. पिपरटोल्याच्या आठ मुलींनी कडेला चपला ओळीत काढून ठेवल्या आणि अनवाणी आत गेल्या. कॉलनीच्या मुली कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होत्या. त्या एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या.

"मॅडम," मनकर्णा हळूच म्हणाली, "रिंग मधात नाई."

रिंग दोन होत्या, दोन टोकांना, हे सत्यशीलानं त्यांना सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं. प्रत्येक रिंगच्या मागं मोठी पांढरी फळी होती आणि फळीच्या मागं थोड्याच अंतरावर मैदान संपत होतं. शिवाय प्रत्येक रिंगपासून बरंच लांब चुन्याचं एक मोठं अर्धवर्तुळ काढलं होतं. ते तिच्या पुस्तकात कुठंच नव्हतं. नऊ ते सोळामध्ये असेल, असं तिला वाटलं.

रुखमानं मात्र ते अर्धवर्तुळ लगेच ओळखलं. "हे खळ्याची कड हाय," ती म्हणाली, आणि तिच्या बाहेर जाऊन उभी राहिली.

पहिला भाग दहा मिनिटांचा होता आणि तो वाईट गेला. पिपरटोल्याच्या मुली मेढीभोवती खेळायला शिकल्या होत्या. मनकर्णा बॉल घेऊन सवयीनं रिंगच्या मागून वळायला गेली आणि मैदानाबाहेर पोचली. शिट्टी. दुसऱ्यांदा गेली. शिट्टी. तिसऱ्यांदा ती फळीच्या खांबावर आपटली.

"का वं, गोल काऊन फिरून राह्यल्या ह्या?" प्रेक्षकांतली एक बाई म्हणाली. "घानी हाय काय?"

बुधरीला समोरच्या मुलींनी अंगानं रेटलं. तिनंही रेटलं, आणि पाच मिनिटांत तिच्या नावावर तीन फाऊल लागले. पाच झाले की बाहेर. आणि रुखमा अर्धवर्तुळाच्या आत पाऊल टाकेना. बॉल तिच्याकडे येई, ती तो दुसरीकडे देई, आणि उभी राही.

"आत जा रुखमा!" सत्यशीला ओरडली. "आत जाऊन टाक!"

भाग संपायला काही सेकंद उरले असताना बॉल पुन्हा रुखमाकडे आला. कोणीच मोकळं नव्हतं. तिनं टाचा उचलल्या आणि बॉल सोडला. तो जाळीतून सरळ खाली आला. शिट्टी झाली.

गुणफलकावर तेरा विरुद्ध पाच लागले. सत्यशीला थबकली. मनकर्णाची एक बास्केट, रुखमाची एक. दोन आणि दोन चार. ती गुणलेखकाच्या टेबलाशी गेली.

"तुमची चूक झाली आहे. आमचा एक गुण जास्त लागलाय."

टेबलाशी पंच पाणी पीत उभे होते. त्यांनी लोटा खाली ठेवला आणि तिच्याकडे नवलानं पाहिलं. "वीस वर्षांत पहिल्यांदा पाहून राह्यलो. आपलेच गुण कमी करायला आलेला कोच."

"पण चार होतात."

"चार नाई, पाच. ती रेषा पाहिली? नवा रूल आहे. दोन्ही पाय तिच्या बाहेर ठेवून टाकलेली बास्केट तीन गुणांची. तुमचं पुस्तक कोणत्या सालचं?"

"चौऱ्याहत्तर."

"बारा वर्षं झाली, मॅडम."

सत्यशीलानं रेषेकडे पाहिलं. "अंतर किती?"

"रिंगच्या मधोमधून सहा मीटर पंचवीस. खाली लाल खूण आहे, तिथून दोरी धरून मीच काढली सकाळी. बाहेरची धार बरोबर सहा पंचवीसवर."

सहा मीटर पंचवीस. आणि खळ्याची कड मेढीपासून सहा मीटर चाळीस. रिंग मेढीच्या थोडी पुढं होती, त्यामुळे समोरून अंतर कमी भरायचं आणि मागून जास्त. पण रुखमा नेहमी उभी राही त्या बाजूवरून ते जवळजवळ चाळीसच होतं. सत्यशीलानं वही उघडली. एकशे सहासष्ट गुणिले तीन, भागिले पाचशे वीस. शून्य पूर्णांक शहाण्णव. आतून त्र्याहत्तर.

ती मुलींकडे आली तेव्हा रुखमा खाली पाहत होती.

"रागावू नका मॅडम. मी आज बाहेरची हाय. इथी खळं नाई, हे माहीत हाय मले. पन पाय ऐकत नाई."

"ऐकू नको म्हणावं," सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज घाईनं थोडा वर गेला होता. "मी पाच आठवड्यांच्या हिशेबावरून तुम्हाला चुकीचं सांगितलं. ऐका. ती कड आहे. रुखमानं बरोबर ओळखली. कडेबाहेरून पडला की तीन. मनकर्णा, रिंगच्या मागं जायचं नाही. खळं अर्धंच आहे असं समज. बुधरी, तू मेढ्या, पण रेटू नकोस. आलेला बॉल बाहेर दे. रुखमाला, नाहीतर कडेला जी मोकळी असेल तिला."

"सगळ्याच बाहेरच्या?" मनकर्णानं विचारलं.

"सगळ्याच."

मनकर्णा इतक्या मोठ्यानं हसली की पंचांनी वळून पाहिलं.

दुसऱ्या भागात कॉलनीच्या मुलींना काय चाललंय ते पहिली तीन मिनिटं कळलंच नाही. त्या रिंगखाली बुधरीला घेरून उभ्या राहायच्या आणि बॉल त्यांच्या डोक्यावरून बाहेर जायचा. रुखमाचा पहिला रिंगवर आदळून उडाला, दुसरा पडला. तेरा-आठ. मग कॉलनीच्या दोन बास्केट. मग पुन्हा रुखमा. सतरा-अकरा. बुधरीला ढकललं म्हणून दोन फ्री थ्रो मिळाले, त्यातला एक पडला. आता कॉलनीची एक मुलगी रुखमाच्या अंगावर येऊन उभी राहू लागली, तेव्हा मनकर्णाला आतली वाट मोकळी मिळाली आणि तिनं फळीला टेकवून एक टाकला. फळी काय कामाची असते ते तिला त्या क्षणी कळलं. कॉलनीनं आणखी एक टाकला. मग कडेच्या दुसऱ्या मुलीनं एक लांबून टाकला, तोही पडला. एकोणीस-सतरा.

एक मिनिट उरलं असताना बुधरीचा पाचवा फाऊल झाला. ती बाहेर येऊन सत्यशीलाच्या शेजारी बसली आणि ओढणी तोंडात धरून राहिली. मेढ्या गेला होता. आता बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागला तर रिंगखाली उभं राहायला उंचीची कोणीच नव्हती. सत्यशीलाला ते कळत होतं, आणि मुलींनाही.

सहा सेकंद. मनकर्णा बॉल आपटत आली, रिंगकडे गेली, तिघी तिच्यावर धावल्या. ती थांबली. एक पाय रुतवला, दुसरा मागं फिरवला, आणि न पाहता बॉल बाहेर फेकला. रुखमा तिथं होती. टाचा उचलल्या. बॉल वर गेला, रिंगच्या काठावर दोनदा उडाला आणि आत पडला. शिट्टी झाली.

पिपरटोल्याच्या मुली नाचू लागल्या. गुणलेखकानं पंचांकडे पाहिलं. पंच रिंगखाली होते. ते फाऊलवर लक्ष ठेवून होते.

"दोन का तीन?" गुणलेखकानं विचारलं.



"दोन!" कॉलनीचे मास्तर धावत आले. "पाय रेषेवर होता, सर. मी पाहिलं. एकोणीस-एकोणीस. जादा वेळ घ्या."

"मी फाऊल पाहत होतो," पंच प्रामाणिकपणे म्हणाले. "पाय नाई पाहिला."

सगळे रेषेकडे वळले. त्या बाजूला वीस मिनिटांच्या धावपळीनं चुना पुसून काळ्या पुडीत मिसळला होता. रेषा हातभर लांबीत दिसतच नव्हती. आणि त्या पुसलेल्या रेषेपाशी रुखमा उभी होती. हात आता खाली आले होते, पण पाय हलले नव्हते. मैत्रिणी तिला ओढायला धावल्या होत्या.

"तिला हात लावू नका!" सत्यशीला ओरडली. "रुखमा, हलू नको."

"मी कुठी हलते मॅडम," रुखमा म्हणाली.

कॉलनीच्या मास्तरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "ही तिथंच कशावरून? टाकल्यावर सरकली असेल."

पंच रुखमापाशी गेले आणि वाकले. काळ्या पुडीत तिच्या दोन्ही तळव्यांभोवती कडा स्वच्छ उमटल्या होत्या. फरपटल्याची खूण नव्हती. पुढं बोटांपाशी पूड जरा दाबलेली होती, टाचा उचलताना भार येतो तिथं. त्यांनी मान वर केली.

"नाई सरकली. टेप आहे कोणाकडे?"

सत्यशीलानं पिशवीतून खळं मोजलेली लांब कापडी टेप काढली. पंचांनी शून्याचं टोक कॉलनीच्या मास्तरांच्या हातात दिलं आणि त्यांना रिंगखालच्या लाल खुणेवर बसवलं. दुसरं टोक ते स्वतः घेऊन आले. टेप ताणली. जमिनीला टेकवली.  बुधरी उठून उभी राहिली होती. पंच गुडघ्यावर बसले आणि आकडा दोनदा वाचला, एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

लाल खुणेच्या मध्यापासून रुखमाच्या पुढं असलेल्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या टोकापर्यंत सहा मीटर एकतीस सेंटिमीटर. रेषेची बाहेरची धार होती सहा पंचवीसवर.